भाऊजींचा तंबूतला मुक्काम

आमच्या घरी तंबू आला तो एका जपानी इंजिनिअरमुळे. नवऱ्याच्या फरीदाबादच्या कारखान्यात परदेशी भागीदारी झाली आणि तिच्याबरोबर काही जपानी माणसंही आली. त्यातला एक परत जाताना घरातलं सामान वाटून मोकळा झाला. कुणाला टोस्टर मिळाला, कुणाला टेबलफॅन. माझ्या नवऱ्याला मिळाली एक निळी लांबुळकी पिशवी. ती खांद्यावर टाकून तो जिना चढला तेव्हा मला वाटलं, हा आता गोल्फ खेळायला लागला की काय. त्या दिवसांत काही सांगता येत नव्हतं. मयूर विहारात रोज कुणी ना कुणी काहीतरी नवीन सुरू करत होतं. समोरच्या ब्लॉकमधल्या निवृत्त ऑडिटरांनी शेअर घ्यायला सुरुवात केली होती, खालच्या मजल्यावर ब्यूटी पार्लर निघालं होतं.

"तंबू आहे," नवरा म्हणाला. "चार माणसांचा."

"आपण तीनच आहोत."

"मग ऐसपैस होईल."

तिसरी म्हणजे आमची मुलगी. ती तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेल. तंबू म्हटल्यावर तिनं पिशवी तिथेच दिवाणखान्यात उघडली. आतून निळं कापड, काठ्या, दोऱ्या आणि सूचनांचा एक कागद निघाला. कागद पूर्ण जपानीत होता. चित्रं होती, पण चित्रातला माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटाच, हसतमुखानं तंबू उभारत होता, म्हणजे त्याचा आम्हाला काहीच उपयोग नव्हता.

रविवारी सोसायटीच्या गच्चीवर सराव करायचं ठरलं. मे महिना, संध्याकाळची वेळ, गरम वारा. कापड पसरलं मात्र, ते फुगलं आणि दोरीला धरून असलेल्या नवऱ्याला घेऊन थेट पाण्याच्या टाकीपर्यंत गेलं. मुलगी आनंदानं किंचाळली. त्या आवाजानं तिसऱ्या मजल्यावरच्या पंजाबी काकू वर आल्या आणि मला म्हणाल्या, "भाभीजी, किसकी शादी है?"

मग हळूहळू सगळी सोसायटीच वर आली. आमची सोसायटी सगळ्या देशातून जमलेल्या नोकरदारांची. एका बंगाली गृहस्थांनी चित्रं वाचायला घेतली, एका मल्याळी परिचारिकेनं दोऱ्यांच्या गाठी मारल्या, कुणी विटा आणून कोपऱ्यांवर ठेवल्या. तंबू उभा राहिला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर त्यात सोसायटीतली सगळी पोरं शिरली आणि वीज गेली तरी बाहेर येईनात.

जायचं कुठे हे नवऱ्याच्या मनात आधीच ठरलेलं होतं. हिमाचलात एक राष्ट्रीय उद्यान होतं, त्याच्या वेशीपाशी नदीकाठी वनखात्यानं तंबू ठोकायला जागा केली होती. कारखान्यातला कुणीतरी जाऊन आला होता. जूनमध्ये, मुलीला सुट्टी आणि मलाही. मी एका शाळेत गणित शिकवत असे.

इथे मला भाऊजींविषयी सांगायला हवं.

भाऊजी म्हणजे माझे मोठे दीर. ते एका मंत्रालयात अधिकारी होते आणि सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत. माझे सासरे लवकर गेले. भाऊजी तेव्हा नुकतेच अमरावतीहून दिल्लीला नोकरीला लागले होते आणि माझा नवरा शाळेत होता. भाऊजींनी आईला आणि धाकट्या भावाला दिल्लीला आणलं. त्याची शाळा, कॉलेज, इंजिनिअरिंग सगळं त्यांनी केलं. सरकारी नोकरीच्या परीक्षेला त्याला बसवलं तेही त्यांनीच. निकाल लागला तेव्हा त्यांनी आख्ख्या ऑफिसात पेढे वाटले. स्वतःच्या बढतीला ते चहासुद्धा पाजत नसत, असं ताई सांगायच्या. ताई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई.

आणि ती नोकरी माझ्या नवऱ्यानं सोडली. फरीदाबादच्या कारखान्यानं बोलावलं आणि हा गेला. भाऊजींना सांगायला आम्ही दोघं गेलो होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पेन्शनची नोकरी होती," एवढंच ते म्हणाले.

त्यानंतर त्यांचं येणंजाणं बंद झालं नाही. ते तसे माणूस नव्हते. गणपतीला यायचे, दिवाळीला यायचे, पुतणीचे लाड करायचे, माझ्याशी शाळेविषयी बोलायचे. फक्त भावाशी बोलायचे नाहीत. एकाच सोफ्यावर बसून मला म्हणायचे, "त्याला विचार, गच्चीवरची गळती थांबली का?" आणि हाताच्या अंतरावर बसलेला माझा नवरा मला सांगायचा, "थांबली म्हणून सांग." मी त्या दोघांमधलं टेलिफोन एक्स्चेंज झाले होते. पहिल्यांदा मला राग यायचा, मग हसू यायचं, मग सवय झाली. सवय झाली हे वाईट झालं, असं आता वाटतं.

मे संपता संपता भाऊजी आणि ताई आमच्याकडे जेवायला आले. मुलीनं काकांना तंबूची सगळी कथा सांगितली आणि गळ्यात हात टाकून म्हणाली, "काका, तुम्ही पण चलो ना! खूप मज़ा येईल."

"तंबूत? मी काय सर्कशीत आहे का?"

"मी जाणार," ताई म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ताई कधी मध्ये बोलत नसत असं नव्हे, पण प्रवासाचा विषय हा भाऊजींचा प्रांत होता.

"तुम्ही या नाहीतर राहा," त्या वाटीत ताक ओतत म्हणाल्या. "मला डोंगर बघायचाय. इतकी वर्षं आपण फिरलो, पण मी बघितलं काय? सिमल्याच्या रेस्ट हाऊसचा व्हरांडा, मसुरीच्या रेस्ट हाऊसचा व्हरांडा. नैनितालचा तर व्हरांडापण काचेनं बंद केलेला."

भाऊजी ताकभात कालवत राहिले. पण आठवड्यानं त्यांचा मला फोन आला. तंबूच्या मैदानाला लागूनच वनखात्याचं रेस्ट हाऊस आहे, तिथली एक खोली त्यांनी स्वतःसाठी मिळवली होती. "तुम्ही लोक बाहेर झोपा," ते म्हणाले. "मी आतून बघेन तुमच्याकडे. आणि त्याला सांग, गाडीचे ब्रेक दाखवून आण."

आमची गाडी म्हणजे एक छोटी व्हॅन, तीही दुसऱ्या हातची. पहाटे सरोजिनी नगरला पोचलो तर फाटकाशी एक जाडजूड होल्डॉल उभा, त्याच्या शेजारी भाऊजी उभे. होल्डॉलमध्ये गाद्या, रजया, उशा, मच्छरदाणी आणि कंदील होता. ताईंच्या हातात एक कापडी पिशवी. तीत थालीपिठाची भाजणी, बेसन, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि वातीचा स्टोव्ह. होल्डॉल गाडीच्या टपावर चढवायला दोघा भावांना दोन बाजूंनी धरावं लागलं. धरताना "उचल," "हां," "डावीकडे" असे शब्द निघाले. मी मनात म्हटलं, चला, सुरुवात तरी झाली. पण गाडीत बसल्यावर पुन्हा एक्स्चेंज सुरू.

मुरथलला लोण्याचा गोळा घातलेले पराठे खाल्ले, अंबाल्याच्या पुढे गाडी तापली म्हणून एका पिंपळाखाली थांबलो, मंडीला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी रस्ता नदीला धरून वर चढायला लागला. एका वळणावर गाडी थांबवली तेव्हा मुलगी पटकन उतरून कडेला गेली. भाऊजी ओरडले, "अगं, पुढे जाऊ नकोस, खाली दरी आहे!"

ती थांबली, खाली वाकून बघितलं, इकडे तिकडे बघितलं. "कुठे आहे?"

"काय कुठे आहे? एवढी मोठी समोर दिसत नाही?"

"काका, इथे दरी कोण बिछाएगा?"

भाऊजी क्षणभर गोंधळले, मग त्यांच्या लक्षात आलं. दिल्लीत वाढलेल्या आमच्या लेकीला दरी म्हणजे सतरंजी एवढंच माहीत होतं. ते रस्त्याच्या कडेला बसून तिला समजावू लागले, की मराठीत ही जी खाली खोल जागा दिसते आहे ना, तिला दरी म्हणतात. ती म्हणाली, "मग बसायची असते तिला काय म्हणतात?" ते सांगून झाल्यावर तिनं दोन्ही शब्द मोठ्यानं म्हणून बघितले. त्यानंतर सगळ्या घाटात ती दर वळणावर "दरी आली! दरी आली!" असा पुकारा करत होती, आणि भाऊजी खूष.

दुपार उलटता उलटता पोचलो. ती जागा मला अजून जशीच्या तशी दिसते. नदीच्या काठाला हिरवं सपाट मैदान, त्याच्या तिन्ही बाजूंना देवदार, तंबूंसाठी मातीचे सारवल्यासारखे ओटे केलेले. मधोमध पत्र्याचं छप्पर घातलेली स्वैपाकाची जागा, तिच्याजवळ एक नळ. त्या नळाचं पाणी इतकं थंड, की हात धुतले की बोटं आपली वाटत नसत. दुसऱ्या टोकाला दिल्लीच्या एका कॉलेजातली मुलंमुली त्यांच्या बाईंबरोबर आली होती, त्यांचे रंगीत तंबू लागलेले. आणि चढावर, फुलझाडांच्या मागे, लाल छपराचं रेस्ट हाऊस.

भाऊजी कोट घालून, बुकिंगचा कागद खिशात ठेवून चढ चढून गेले. होल्डॉल घ्यायला चौकीदाराला पाठवतो म्हणाले. थोड्या वेळानं आले ते भाऊजीच. त्यांच्यामागून चौकीदार, हातात टोपी धरून, वाईट वाटल्यासारखा.

"क्या करूँ साब," तो आम्हाला सांगू लागला. "बड़े साब अचानक आ गए. पूरी फैमिली है. दोनों कमरे देने पड़े."

माझा नवरा उसळला. "असं कसं? आपलं बुकिंग आहे. मी जाऊन बोलतो."

"नको," भाऊजी म्हणाले. मला नाही, थेट कुणालाच नाही, समोरच्या देवदाराला म्हणाल्यासारखे. "वरचा साहेब आला की खालच्यानं खोली सोडायची. मी पण किती जणांना अशीच सोडायला लावली आहे. आता माझी पाळी."

ते होल्डॉलवर बसले. कोटाची बटणं त्यांनी एकेक करून काढली. मला त्यांची फार दया आली, पण तेवढ्यात ताई म्हणाल्या, "बरं झालं!" आणि इतक्या मनापासून म्हणाल्या, की भाऊजींनासुद्धा हसू आवरेना.

तंबू चौघांचा आणि आम्ही पाच. त्यात होल्डॉल. नवऱ्यानं आणि मी तंबू उभारला. गच्चीवरच्या सरावानं आता हात बसला होता. भाऊजी लांबून बघत होते. एक खुंटी वाकडी ठोकली गेली तेव्हा त्यांना राहवलं नाही. जवळ येऊन त्यांनी ती उपटली, दगडानं नीट तिरकी ठोकली आणि मला म्हणाले, "त्याला सांग, दोरीच्या उलट्या दिशेला झुकवायची असते." नवरा म्हणाला, "बरं म्हणून सांग." ताईंनी पिठलं केलं. पाणी उकळायला तिथे फार वेळ लागे, त्यामुळे भूक अशी खवळली, की त्या पिठल्याची चव मला पुन्हा कधी कुठे मिळाली नाही. अंधार पडल्यावर आम्ही डब्यातल्या सुपाऱ्यांसारखे आत शिरलो. एका टोकाला भाऊजी, मग ताई, मध्ये मुलगी, मग मी, दुसऱ्या टोकाला नवरा. मी दिवसभराच्या प्रवासानं लगेच झोपले. झोपेत कधीतरी ताटल्या वाजल्याचा आवाज आला. मला वाटलं कुठेतरी आरती चाललीय.

सकाळी बाहेर आले तर मैदानात गर्दी. कॉलेजची मुलं, त्यांच्या बाई, चौकीदार आणि वनखात्याचा एक रखवालदार. रखवालदार ओल्या मातीत वाकून पावलांचे ठसे शोधत होता. बाई मला बघून धावत आल्या.

"आप लोग ठीक हैं ना? रात को आपके टेंट के पास भालू था!"

"भालू?"

"बहुत बड़ा. एकदम पास. हम सबने सुना. गुर्राता था, फिर चुप, फिर गुर्राता था. हम थाली बजाते थे तो रुक जाता था, थोड़ी देर में फिर चालू."

एक मुलगा म्हणाला, की त्यानं सावलीसुद्धा पाहिली. एका मुलीनं सांगितलं, की त्यांनी आळीपाळीनं जागून ताटल्या वाजवल्या, आमचा जीव वाचावा म्हणून. रखवालदार डोकं खाजवत होता. ठसे काही सापडत नव्हते, आणि भालू एवढ्या खाली या दिवसांत येत नाही असं त्याचं म्हणणं होतं.

माझ्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडत होता. पण मी काही बोलायच्या आधी मुलगी तंबूच्या दारातून बाहेर आली, डोळे चोळत सगळं ऐकलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "भालू नहीं है. वो तो मेरे काका हैं!"

नेमके त्याच वेळी भाऊजी नळाकडून येत होते. डोक्याला माकडटोपी, खांद्यावर टॉवेल, तोंडात ब्रश. सगळं मैदान वळून त्यांच्याकडे बघायला लागलं. ताई तंबूच्या आत होत्या, स्वतःच्या कानातले कापसाचे बोळे काढत. "मी लग्नापासून घालते," त्या नंतर म्हणाल्या.

भाऊजींनी ब्रश काढला, बाजूला जाऊन चूळ भरली, टॉवेलनं तोंड पुसलं. मग कॉलेजच्या बाईंसमोर येऊन, फायलीवर शेरा लिहावा तशा शुद्ध हिंदीत म्हणाले, "आप लोगों को रात में जो असुविधा हुई, उसके लिए मुझे हार्दिक खेद है."

आणि मग ते स्वतःच हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट हललं, मग टोपी सरकली. ते हसताना पाहून मुलं सुटली, बाई सुटल्या, रखवालदार गुडघ्यांवर हात ठेवून हसायला लागला. माझा नवरा तर गवतात खालीच बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"दादा," तो म्हणाला, "अरे, अमरावतीला आई तुला रात्री पायानं ढकलायची, आठवतं?"

"ढकलायची काय, लाथ घालायची!" भाऊजी म्हणाले. "आणि तू मध्ये झोपायचास, तर ती तुलाच बसायची."

मी आणि ताईंनी एकमेकींकडे पाहिलं.

त्या दिवशी कॉलेजची मुलं सारखी आमच्याकडे येत राहिली. त्यांनी भाऊजींना "भालू अंकल" म्हणायला सुरुवात केली आणि भाऊजींनी ते चालवून घेतलं. मुलगी मात्र रुसली, कारण हा शोध तिचा होता. भाऊजींनी तिला विचारलं, "भालूला मराठीत काय म्हणतात?" तिला येईना. "अस्वल," ते म्हणाले. तिनं ते नाव फक्त स्वतःसाठी राखून ठेवलं.

दुपारी पाऊस आला. डोंगरातला पाऊस मी तोवर अनुभवला नव्हता. ऊन होतं, तेवढ्यात देवदारांच्या शेंड्यांवर धुरकट पांढरं काहीतरी उतरलं, आणि पाच मिनिटांत आमच्या ओट्याभोवती पाण्याचे ओहोळ धावायला लागले. नवऱ्यानं नेमका उताराच्या तोंडाशी तंबू लावला होता. तळ खालून थंड पडायला लागला, होल्डॉलचं एक टोक भिजलं.

"हलवला पाहिजे," नवरा म्हणाला.

"उचलूनच नेऊ," भाऊजी म्हणाले. "खुंट्या काढ. सामान आतच राहू दे. अगं, छत्री दे माझी."

त्यांनी एका हातात छत्री धरली आणि दुसऱ्या हातानं तंबूची एक कड. आम्ही चौघांनी बाकीच्या कडा धरल्या. तंबू उचलला, पण आतला होल्डॉल गडगडून एका बाजूला गेला आणि आम्ही सगळेच तिकडे झुकलो. कॉलेजची मुलं धावत आली. दहा-बारा हात लागले आणि तो निळा तंबू वरातीसारखा मैदानातून निघाला. पुढे भाऊजी, एका हातानं ओढत, छत्री वर धरून "बाएँ! बाएँ! अब सीधे!" ओरडत. रेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात बडे साहेब आणि त्यांची फॅमिली उभी राहून बघत होती. त्यांची मुलं हात हलवत होती, आणि मला शपथेवर सांगता येईल, ती खाली यायला तडफडत होती.

उंच ओट्यावर तंबू बसला. आम्ही पाचही जण ओले होऊन आत शिरलो. ताईंनी दाराशी, आडोशाला, स्टोव्ह पेटवून चहा ठेवला. वर कापडावर पावसाचा आवाज असा, की मोठ्यानं बोलावं लागत होतं. सगळे रजया गुंडाळून बसले होते. अशा वेळी मुलगी म्हणाली, "काका, एक पूछूँ?"

"विचार."

"तुमची आणि पप्पांची कट्टी का होती?"

मी तिला डोळ्यांनी दटावलं, पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. नवरा बुटाची नाडी सोडवत होता, तो तसाच थांबला.

भाऊजींनी चहाचा घोट घेतला. "कट्टी नव्हती गं."

"होती. मम्मीच सगळं सांगायची इकडचं तिकडे."

"हो," ते म्हणाले. मग कपातल्या चहावर फुंकर घालत बसले. मला वाटलं विषय संपला. पण ते बोलायला लागले, आणि बोलताना त्यांनी मुलीकडे नाही, भावाकडे बघितलं. "आमचे बाबा गेले ना, तेव्हा घरात काहीच नव्हतं. नातेवाईक भेटायला यायचे आणि लवकर उठून जायचे. कारण थांबले तर काही मागू, अशी भीती. माझी नोकरी होती म्हणून आम्ही उभे राहिलो. दर महिन्याच्या एक तारखेला पगार, काहीही झालं तरी. तेव्हा मी ठरवलं होतं, याला असंच पक्क्या जागी बसवायचं. बसवला. आणि हा उठला."

"रागावलास ना," नवरा म्हणाला.

"रागावलो नाही रे. घाबरलो. मला वाटलं, उद्या ती कंपनी बंद झाली, हा पडला, तर आता मला उचलता येईल का? तेव्हा मी पंचविशीत होतो. आता जिना चढताना धाप लागते. ते कसं सांगायचं कळलं नाही, म्हणून बोललोच नाही."

पाऊस वाजत होता. नवऱ्यानं नाडी सोडली, बूट बाजूला ठेवले.

"दादा, तू आहेस हे माहीत होतं म्हणून तर मी उठलो," तो म्हणाला. "मागे कुणी नसतं तर मीही चिकटून बसलो असतो तिथेच."

भाऊजींनी कप खाली ठेवला. त्यांनी हात लांब करून भावाच्या ओल्या केसांवरून टॉवेल फिरवला, लहान मुलाचं डोकं पुसावं तसं, जरा जोरात. "पूस आधी," ते म्हणाले. "सर्दी झाली तर इथे डॉक्टर नाही."

ताई स्टोव्हकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "थालीपीठ लावू का?" आणि सगळे एकदम हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आकाश असं धुतलेलं, की मैदानातून दूरवर बर्फाची शिखरं दिसली. रखवालदारानं आम्हाला उद्यानाच्या आतल्या वाटेनं वर नेलं. ताई सगळ्यांत पुढे. साडीचा पदर खोचून, पायात जुने कॅनव्हासचे बूट घालून त्या अशा चढत होत्या, की रखवालदार त्यांना दोनदा "माताजी, धीरे" म्हणाला. बऱ्याच चढानंतर झाडं संपली आणि एक मोठं उतरतं कुरण लागलं. पिवळी, जांभळी फुलं, त्यात कुणाच्या तरी मेंढ्या. ताई मधोमध जाऊन उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून चारही बाजूंना हळूहळू वळून बघितलं आणि म्हणाल्या, "असं पाहिजे होतं मला. हे असं."

आम्ही फुलांच्या कडेला बसून भाजलेले शेंगदाणे खात होतो. नवरा आणि भाऊजी थोडे वर गेले होते, कसल्यातरी गाडीच्या इंजिनावरून वाद घालत. आणि अचानक वरून आरडाओरडा ऐकू आला. बघतो तर दोघं उतारावरून धावत खाली येत होते. शर्यत लावली होती. पंचावन्नच्या आसपासचे भाऊजी, पोट सावरत, माकडटोपी हातात, आणि त्यांच्या मागे माझा नवरा. मेंढ्या दोन्ही बाजूंना पांगल्या. भाऊजी आमच्याजवळ पोचले, गवतात आडवे झाले आणि धापा टाकत म्हणाले, "मी पहिला."

"चिटिंग केली," नवरा म्हणाला. "आधी सुटला."

"हे धावताना मी पहिल्यांदा बघितले," ताई मला म्हणाल्या. "बसच्या मागेसुद्धा कधी धावले नाहीत."

परतताना गाडीत मी पुढे बसलेच नाही. पुढे दोघं भाऊ बसले आणि मंडीपासून सरोजिनी नगरपर्यंत बोलत राहिले. मधल्या सीटवर मी आणि ताई झोपा काढत होतो. होल्डॉल या वेळी टपावर न चढवता मागे आतच टाकला होता, त्यावर मुलगी लोळत होती.

भाऊजींना जी भीती होती ती पुढे काही वर्षांनी खरी झाली. कारखान्याची मागणी घटली, एक पाळी बंद झाली आणि माझ्या नवऱ्याला घरी बसावं लागलं. माझ्या शाळेच्या पगारावर घर चालत होतं, ओढाताण होती, पण चालत होतं. भाऊजी तोवर निवृत्त होऊन नोएडाच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते. ते दर रविवारी सकाळी मंडईतून भाजी घेऊन आमच्याकडे येत. "मी सांगितलं होतं" असं ते एकदाही म्हणाले नाहीत. नवऱ्यानं स्वतःच एकदा तो विषय काढला, तर म्हणाले, "गप्प बस. मटार सोल."

मग नवऱ्याला नोएडालाच दुसरी नोकरी मिळाली, आधीच्यापेक्षा बरी. रविवारचं येणं मात्र चालूच राहिलं. हिवाळ्यात आमच्या बाल्कनीत ऊन येतं. तिथे वर्तमानपत्र पसरून दोघं भाऊ मटार सोलत बसायचे. निम्मे दाणे तोंडात जायचे. आणि येत्या जूनमध्ये कुठे जायचं, यावर वाद. भाऊजींना आता आणखी उंचावर जायचं होतं, नवरा म्हणायचा तुझ्या गुडघ्यांना झेपणार नाही. ताई आतून ओरडून सांगायच्या, "यांना नका विचारू, मला विचारा!" आणि मी मटारची कढई गॅसवर चढवायची.